देवनारच्या दारातील तपासणी

२००९ सालच्या ऑगस्टात मुंबईच्या उपनगरांवर जी छाया पसरली होती, ती ज्यांनी पाहिली त्यांच्या विस्मरणात सहसा जाणार नाही: शाळा-महाविद्यालये आठवडाभर बंद ठेवण्याचा सरकारी हुकूम सुटलेला, चित्रपटगृहांना टाळे, मुलुंड-घाटकोपरकडून निघालेल्या लोकलच्या डब्यांत नाकातोंडाला रुमाल बांधलेले प्रवासी, आणि गोकुळाष्टमी तोंडावर आली असता एकामागून एक दहीहंड्या रद्द करणारी मंडळे. नीट शिजवलेल्या मांसातून ‘स्वाइन फ्लू’ होत नाही, असे डॉक्टर घसा फोडून सांगत असतानाही लोकांचा रोष मात्र डुकरावर होता. रोष अस्थानी होता. पण डुकराकडे पाहण्याची गरज खरीच होती, आणि ते पाहणे जगात कोणी वेळेवर केले नव्हते.

इन्फ्लुएन्झाच्या विषाणूचा जनुकसंच आठ सुट्या तुकड्यांचा असतो, आणि डुकराच्या श्वासमार्गात पक्ष्यांकडचा व माणसांकडचा असे दोन्ही जातींचे विषाणू शिरकाव करू शकतात. दोन बिऱ्हाडांची भांडी एकाच मोरीत घासायला पडावीत आणि उचलताना त्यांची अदलाबदल व्हावी, तसे हे तुकडे एकाच पेशीत आपापसांत बदलले जातात व नवा विषाणू सिद्ध होतो. २००९ च्या विषाणूतील सहा तुकडे उत्तर अमेरिकेतील डुकरांत १९९८ पासून आढळणाऱ्या, मुळातच संमिश्र अशा वंशातून आलेले होते, आणि उरलेले दोन युरोप-आशियातील डुकरांच्या विषाणूचे होते. पुढील संशोधनाने त्याचे जन्मस्थान मध्य मेक्सिकोतील वराहपालनाच्या प्रदेशात दाखवले. आणि त्याहून गंभीर बाब ही, की त्याचे निकटचे पूर्वज सुमारे दशकभर वा अधिक काळ डुकरांत वावरत असूनही कोणत्याही दप्तरी त्यांची नोंद झाली नव्हती.

रोग माणसापर्यंत पोहोचण्यापूर्वी जनावरात शोधावा, हा धडा मुंबईला नवा नाही. १८९६ साली मांडवीत प्लेग उद्भवला तेव्हा सरकारने प्रथम माणसांची झडती घेतली, घरे उघडी पाडली, चुन्याने भिंती धुतल्या, आणि रयतेला पुरते हैराण केले. परंतु १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत बसलेल्या प्लेग संशोधकांनी मेलेले उंदीर कोणत्या वस्तीतून व कोणत्या तारखेस आले याची नोंद ठेवून त्यांचे विच्छेदन करण्याचा शिरस्ता घातला, तेव्हा असे निष्पन्न झाले की उंदरांतील साथ पुढे चालते आणि माणसांतील साथ साधारण पंधरवड्याने तिच्या मागून येते. त्या पंधरवड्याचे मोल ज्या शहराने जाणले, ज्याच्या महापालिकेत रात्रपाळीचे मूषक संहारक आजही पगारावर आहेत, त्या शहराला डुकरांच्या बाबतीत तीच दृष्टी ठेवणे जड का जावे?

सोय तर घाटकोपरपासून काही मैलांवर देवनारला आहे. १९७१ पासून चालू असलेल्या महापालिकेच्या या पशुवधगृहात डुकरांचा स्वतंत्र विभाग आहे. कापण्यापूर्वी जनावर पशुवैद्याच्या नजरेखालून जाते. त्याच वेळी काही जनावरांच्या नाकात कापसाची काडी फिरवून नमुना घ्यावा, एवढीच माझी मागणी आहे. चीनमध्ये २०११ ते २०१८ या काळात दहा प्रांतांतील कत्तलखान्यांतून सुमारे ३०,००० नमुने घेण्यात आले, त्यांतून १७९ विषाणू हाती लागले, आणि माणसाच्या पेशींत सहज वाढणाऱ्या एका नव्या प्रकाराची सूचना २०२० साली जगाला मिळाली. ज्या वराहपालकाला काडीची धांदल नको, त्याच्याकडे दोरीचा उपाय आहे: वाड्यात सुती दोर टांगला की कुतूहलाने डुकरे स्वतःच तो चघळू लागतात, थोड्या वेळाने ओला शेंडा पिशवीत पिळला की संपूर्ण कळपाची लाळ कुपीत जमा होते, आणि एकाही जनावराला धरावे लागत नाही.

खरी अडचण यंत्रांची नसून भीतीची आहे. इजिप्तने २००९ च्या एप्रिलअखेर, देशात एकही रुग्ण सापडला नसताना, सुमारे तीन लाख डुकरे मारण्याचे फर्मान काढले. ती पाळणारी कैरोची कचरावेचक कुटुंबे उघड्यावर पडली, आणि डुकरे खात असलेला ओला कचरा रस्त्यांवर साठला. अशा दंडेलीनंतर कोणता पालक आपणहून आजारी जनावराची वर्दी देईल? आपल्याकडे २००९ च्या केंद्रीय कायद्याने जनावरांतील अधिसूचित रोगांची वर्दी देणे मालकावर बंधनकारक केले आहे. परंतु कायद्याचा धाक वडार-कैकाडी वस्तीतील चार डुकरांच्या धन्याला लपवायला शिकवतो, आणि भरपाईची हमी त्याला बोलायला शिकवते. अमेरिकेने कळपाच्या मालकाचे नाव गुप्त ठेवून नमुने स्वीकारण्याची तजवीज केली, ती अनुकरणीय आहे. शिवाय विषाणूची ही ये-जा एकतर्फी नाही: २००९ नंतर माणसांचा विषाणू अनेक देशांत डुकरांकडे गेला. तेव्हा देवनारच्या कामगारांना दरवर्षी फ्लूची लस टोचणे हा त्यांच्या हक्काचा भाग आहे आणि डुकरांच्या बचावाचाही.

बाकी साधनसामग्रीची वाण नाही. परळला १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यास राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आहे, भोपाळला पशुरोगांची उच्च सुरक्षा प्रयोगशाळा आहे. कस्तुरबा रुग्णालयात ऑगस्ट २०२१ मध्ये जनुकवाचनाची प्रयोगशाळा सुरू झाली, आणि माणूस व पशू यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या संस्थेची कोनशिला डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात बसली. परंतु डुक्कर पशुसंवर्धन खात्याचे, माणूस आरोग्य खात्याचे आणि देवनार महापालिकेचे, अशी आपली वाटणी असल्यामुळे विषाणूला जी वेस ठाऊक नाही तिच्यापाशी आपला कागद अडतो. महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत मांडला जातो. त्यात देवनारच्या नमुन्यांसाठी स्वतंत्र तरतूद करावी, निष्कर्ष दर तिमाहीस जाहीर करावेत, आणि उपनगरांतील नगरसेवकांनी आपल्या प्रभागातील गटारांइतक्याच नेटाने या रकमेचा पाठपुरावा करावा.