घर कोठे घ्यावे?

भामरागडच्या ग्रामीण रुग्णालयात चार वर्षे काढलेली आमच्या समाजाची एक परिचारिका भगिनी येत्या हिवाळ्यात नवरा व चार वर्षांच्या मुलीसह इंग्लंडला जात आहे. तिकडच्या सरकारी रुग्णालयात तिला नोकरी लागली. बाबासाहेब शिकायला ज्या देशात गेले, त्या देशात पेरमिली-भामरागडच्या रस्त्यावरची आमची लेक स्वतःच्या पगारावर चालली आहे, याचा आम्हाला किती आनंद झाला हे वेगळे सांगायला नको. जयंतीच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो असता दोघेही भेटले आणि म्हणाले, "काका, सगळे ठरले. फक्त घर कोणत्या भागात घ्यावे तेवढे समजत नाही. तुम्ही सांगा."

आम्ही काय सांगणार? आमचे पारपत्रही अजून कोरेच आहे. पण दोघांनी जी अडचण मांडली ती ऐकून हा लेख लिहिणे भाग पडले. आधी गेलेल्या ओळखीच्यांनी त्यांना सल्ला दिला होता की, आपल्या भारतीय लोकांची जिथे वस्ती आहे तिथेच घर बघा. भाजीपाला मिळतो, सणवार होतात, पोरीला मराठी बोलायला मिळते, रात्रपाळी असली तर शेजारीण मूल सांभाळते. सल्ला चांगला आहे. मग अडचण कोणती? भगिनी म्हणाली, "काका, आपले लोक म्हणजे कोण?"

हा प्रश्न तिने हवेतून काढलेला नाही. लग्नानंतर जिल्ह्यातल्याच एका गावी खोली शोधताना घरमालकाने भाडे सांगितले, नळाची वेळ सांगितली, आणि किल्ली हातात देण्याआधी आडनाव विचारले. आडनाव कळल्यावर खोली मालकाच्या पुतण्यासाठी ठेवायची होती असे निघाले. तो पुतण्या वर्षभर काही आला नाही. वाचकहो, तुमच्यापैकी कितीजणांच्या वाट्याला असा न येणारा पुतण्या आला असेल, ते तुम्हीच मोजा.

बाबासाहेबांना हा पुतण्या १९१७ साली बडोद्यात भेटला. कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडन पाहून आलेला तो विद्वान संस्थानच्या नोकरीवर रुजू झाला, तेव्हा त्याला डोके टेकायला जागा नव्हती. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. एक हिंदू मित्र होता, एक ख्रिस्ती मित्र होता, दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. मुंबईच्या गाडीला वेळ होता, म्हणून त्यांनी पाच तास कामाठी बागेत बसून काढले. न्यूयॉर्कच्या वसतिगृहात ज्याला कोणी जात विचारली नाही, त्याला स्वतःच्या देशात घर मिळाले नाही. परदेशी जाणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलाने ही हकीकत जाताना नव्हे, तिकडे पोचल्यावर पुन्हा एकदा वाचावी असे आम्हाला वाटते. कारण आता उलटेही घडते. देश परका असतो, तिथला गोरा माणूस जात विचारत नाही, आणि आपल्याच वस्तीतला शेजारी गोडीगोडीने मूळ गाव, मग वाडा, मग आडनाव विचारत आत शिरतो.

इंग्लंडचा कायदा या बाबतीत लंगडा आहे. २०१० साली समानता कायदा झाला. २०१३ साली त्यात अशी दुरुस्ती झाली की सरकारने जातीचा त्यात समावेश करावा. २०१८ साली सरकारने अंग काढून घेतले आणि न्यायालयाच्या निकालांवर भागवा म्हणून सांगितले. त्या निकालांपैकी एक आमच्या जंगलपट्टीतल्या प्रत्येक घरात सांगण्यासारखा आहे. भारतातून नेलेल्या एका आदिवासी बाईला मिल्टन कीन्स गावात एका भारतीय कुटुंबाने साडेचार वर्षे नोकराणी म्हणून राबवले. तिने दाद मागितली आणि २०१५ साली न्यायाधिकरणाने थकलेल्या मजुरीपोटी तिला सुमारे १ लाख ८४ हजार पौंड द्यायला लावले. तिला राबवणारे घर गोऱ्याचे नव्हते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

तेव्हा आपली माणसे टाळावीत काय? असेही आम्ही म्हणणार नाही. वुल्व्हरहॅम्प्टनला बाबासाहेबांच्या अनुयायांचे बुद्धविहार आहे. पंजाबातून कारखान्यात कामाला गेलेल्या आपल्या बांधवांनी मजुरीतून ते चालवले. अशी माणसे बसच्या टप्प्यात असतील तर फार मोठा आधार आहे. पण विहार जवळ हवे म्हणून रुग्णालय दीड तास लांब घेणे शहाणपणाचे नाही. चार वर्षांचे मूल आहे. तिथे सरकारी शाळेत प्रवेश देताना घर शाळेपासून किती जवळ, हे पुष्कळ ठिकाणी पाहिले जाते. म्हणजे घर निवडणे हीच शाळा निवडणे झाले. भाडे परवडते म्हणून लांबच्या कोपऱ्यात गेले की पोरीची शाळाही त्या कोपऱ्यातलीच. अनामत रक्कम पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक मागता येत नाही असा २०१९ चा कायदा आहे, तोही ठाऊक असलेला बरा. जाणाऱ्याने कायदा खिशात ठेवावा, ही बाबासाहेबांचीच शिकवण.

हे सारे आम्ही पर्लकोटेच्या पुलाजवळ उभे राहून बोलत होतो. ही नदी छत्तीसगडच्या जंगलातून येते. त्या बाजूच्या मुलखाला परलकोट म्हणतात, आणि घर कोठे घ्यावे या प्रश्नाची एक फार मोठी गोष्ट त्या मुलखात गाडलेली आहे. ती आमच्या चळवळीत फारशी कोणी सांगत नाही, म्हणून थोडे विषयांतर.

१९४६ साली मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना संविधान सभेत जाता आले नाही. त्यांना निवडून पाठवले ते बंगालने, जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या नामशूद्र समाजाने. फाळणी झाली, बाबासाहेबांची ती जागा गेली, आणि ज्यांनी ती दिली होती त्यांची घरेदारेही पुढे गेली. मंडल १९५० साली पाकिस्तानच्या मंत्रिपदाचा राजीनामा देऊन भारतात परतले. त्यांच्या मागून आलेल्या लाखो नामशूद्रांना कोणी विचारले का, की बाबांनो, लेकरांना घेऊन कोठे राहाल? १९५८ साली दंडकारण्य प्रकल्प उभा राहिला. नदीकाठी भात आणि मासळीवर जगलेल्या माणसांना रायपूरजवळच्या माना छावणीत आणि तेथून खडकाळ जंगलात नेऊन टाकले. परलकोटातल्या त्यांच्या वस्त्यांना धड नावेही दिली नाहीत, आकडे दिले. आजही पखांजूरच्या बाजूला गाव विचारले तर माणूस नंबर सांगतो. प्रकल्पाचे एकेकाळचे अध्यक्ष शैबाल कुमार गुप्ता यांनीच १९६५ साली 'इकॉनॉमिक वीकली'त या कारभाराची चिरफाड केली. आमच्या चांदा जिल्ह्यातही साठच्या दशकात मुलचेरा-चामोर्शीकडे बंगाली गावे बसवली गेली. पश्चिम बंगालात नामशूद्र अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्रात त्यांना ती सवलत नाही. बाबासाहेबांना संविधान सभेत पोचवणाऱ्या समाजाची मुले आमच्या शेजारच्या तालुक्यात दाखल्यासाठी खेटे घालतात आणि आमच्या व्यासपीठावर त्यांचा उल्लेखही नसतो! १९७८ साली त्यांतले हजारो जण दंडकारण्य सोडून सुंदरबनात मरिचझापी बेटावर स्वतः निवडलेल्या जागी गेले. १९७९ साली तिथे त्यांची नाकेबंदी झाली, गोळीबार झाला आणि मे महिन्यात त्यांना हुसकून लावले. माणसे किती मेली, याच्या आकड्यावर आजही वाद आहे.

आणि ज्या जंगलात त्यांना नेऊन बसवले ते काय मोकळे पडले होते? परलकोटच्या गेंदसिंगाला इंग्रजांनी १८२५ साली फासावर दिले ते याच जमिनीसाठी. गोंड-माडिया माणसालाही कोणी विचारले नाही. एका पीडिताला दुसऱ्या पीडिताच्या दारात नेऊन सोडायचे आणि दोघांना एकमेकांकडे बोट दाखवायला लावायचे, ही व्यवस्थेची जुनी खोड आहे.

आमच्या भगिनीला आम्ही हे सगळे ऐकवले तेव्हा तिच्या नवऱ्याने घड्याळाकडे पाहिले. आलापल्लीची बस निघायची होती. आम्ही घाईघाईने एवढेच सांगितले की, पहिले सहा महिने रुग्णालयाच्या जवळ भाड्याने राहा, घर पक्के करू नका. शेजार मिसळ असू द्या, चार देशांची माणसे असलेला. आडनाव बदलू नका, लपवू नका, आणि पोरीलाही ते नीट उच्चारायला शिकवा. सुट्टीच्या दिवशी लंडनला जाऊन किंग हेन्रीज रोडवरचे १० नंबरचे घर तिला दाखवा. १९२१-२२ साली बाबासाहेब तिथे राहिले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतले, तर शेजाऱ्यांनी गर्दीची तक्रार केली, नगरपालिकेने स्मारकाला परवानगी नाकारली आणि २०२० साली ती मिळेपर्यंत भांडावे लागले. शेजार तिथेही सुटला नाही.

परवा तिचा फोन आला. तिकडच्या दलालाशी बोलणे झाले म्हणाली. त्याने स्वयंपाकघर, बाग, जवळचे दुकान सारे सांगितले. २०१९ च्या पावसात भामरागडला पुन्हा पुन्हा वेढणारे पाणी जिने पाहिले, तिने त्याला विचारले, गावात नदी आहे का आणि ती चढते कुठवर? तो हसला असावा. पण तिकडे पत्त्याचा सांकेतिक क्रमांक टाकला की पुराचा धोका सरकारच दाखवते. तिने टाकून पाहिला, आणि ते घर सोडून दुसरे बघायला घेतले आहे.