गोळ्या पाठवू नका, यादी मागवा

मायदेशी निघालेल्या बॅगेत आता चॉकलेटांच्या जोडीला मल्टिव्हिटॅमिनची मोठी बाटली, कॅल्शियमच्या गोळ्या आणि केसांसाठी बायोटिन हटकून असतं. बारामतीत राहणाऱ्या आईला थकवा येतोय, इंदापूरच्या सासूबाईंचे केस गळताहेत, असं फोनवर कानावर आलं की इथल्या दुकानातून काहीतरी ताकदीचं पाठवावं असं वाटणं साहजिक आहे. पण त्यांना थायरॉइडची गोळी चालू असेल, तर ही बाटली बरेचदा फायद्यापेक्षा घोटाळाच जास्त करते. थायरॉइडचं औषध आणि जीवनसत्त्वं यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो. दोन्ही एकाच डॉक्टरच्या नजरेखाली, एकाच कागदावर असायला हवीत आणि त्या कागदावर नसलेली गोळी घरात येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे औषध मुळात नाजूक मापाचं. या लेव्होथायरॉक्सिनचा डोस मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. २५, ५०, ७५ असा चढत जातो. ते आतड्यातून रक्तात उतरतं, आणि वाटेत कॅल्शियम किंवा लोह भेटलं तर त्याला चिकटून बरंचसं वाया जातं. म्हणून ही गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, त्यानंतर किमान अर्धा ते एक तास दुधाचा चहा नाही, आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतरानं. ज्या घरात पहाटे धारा काढून दूध डेअरीला जातं आणि चूल पेटताच पहिलं आधण चहाचं पडतं, तिथे हा एक तास पाळणं बोलण्याइतकं सोपं नाही. त्यात परदेशी बाटलीमागचं बारीक अक्षरातलं लेबल वाचा: बहुतेक मल्टिव्हिटॅमिनमध्ये कॅल्शियम असतं, अनेकांत लोहही. ‘सगळ्या गोळ्या एकदमच घेऊन टाकते’ असं म्हणत आईनं ती सकाळी घेतली की टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडतंय हे दाखवणारा रक्तातला आकडा, चढतो. डॉक्टरला बाटलीची कल्पना नसते. तो पन्नासाचे पंच्याहत्तर करतो. तीन महिन्यांनी बाटली संपते, डोस मात्र तोच राहतो. मग छातीत धडधड सुरू होते, झोप उडते; उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोकाही वाढतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की कमतरता तर खरीच आहे, मग द्यायला काय हरकत? कमतरता खरी आहे, यात शंका नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं २००६ मध्ये ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तिन्ही थरांतल्या ४४१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ६७ टक्क्यांमध्ये बी १२ कमी होतं, आणि सर्वांत जास्त, ८१ टक्के, ते मध्यमवर्गात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत. पण कमतरता इतकी सर्रास आहे म्हणूनच ती अंदाजानं भरून काढता येत नाही. थकवा, केस गळणं, विसराळूपणा, पायांना मुंग्या ही लक्षणं थायरॉइडचीही आणि बी १२ ची किंवा लोहाचीही. नेमकं काय कमी आहे आणि का, हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. मधुमेहाच्या मेटफॉर्मिननं किंवा वर्षानुवर्षं घेतलेल्या ‘गॅसच्या गोळी’नं बी १२ घटू शकतं, हीच गॅसची गोळी थायरॉइडचं औषधही नीट शोषू देत नाही. बी १२ कमी असताना नुसतं फोलिक ॲसिड पोटात गेलं, तर रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि नसांचं नुकसान मात्र आतून चालूच राहतं. याज्ञिकांच्याच गटाला पुण्याजवळच्या गावांत आढळलं, की ज्या मातांमध्ये फोलेट जास्त आणि बी १२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिनचा प्रतिरोध अधिक होता. म्हणजे प्रश्न जीवनसत्त्व द्यावं की नाही हा नाही. कोणतं, किती आणि कधीपर्यंत, हा आहे. साप्ताहिक ६०,००० युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडीही ठरावीक आठवडे घ्यायची असते. ती कोणी थांबवलीच नाही, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून बसतं.

बायोटिनची गोष्ट आणखी फसवी. शरीराची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम, आणि केसांच्या नावानं विकल्या जाणाऱ्या गोळीत ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅम. इतक्या मात्रेत ते तपासणीच्या रसायनांत ढवळाढवळ करतं: अनेक पद्धतींत टीएसएच खोटा कमी आणि टी४, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक, खोटं जास्त दिसतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये याबद्दल इशारा दिला आहे. रिपोर्ट पाहून डोस जास्त झाला असं डॉक्टरला वाटणार आणि गरजेचं औषध तो कमी करणार. तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बायोटिन बंद हवं. पण ते चालू आहे हे डॉक्टरला सांगितलं तरच.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांना वेळ नसतो, त्यापेक्षा सत्तर तपासण्यांचं पॅकेज करून आपणच पाहिलेलं काय वाईट? गर्दी खरीच आहे. पण सत्तर आकडे वाचायला डॉक्टरला वेळ कमी लागत नाही, जास्तच लागतो. शिवाय थायरॉइडचं औषध शरीरातून निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांआधी टीएसएच पाहण्यात अर्थ नसतो. आणि किंचित वाढलेला प्रत्येक टीएसएच औषध मागत नाही. युरोपात ६५ वर्षांवरील ७३७ जणांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य वाढ असलेल्यांना गोळी देऊनही त्यांच्या लक्षणांत फरक पडला नाही. याउलट गरोदरपणात थांबून चालत नाही: पहिल्या आठवड्यांतच डोसची गरज वाढते, आणि पुढे सरकारी केंद्रातून लोह-फोलिकच्या व कॅल्शियमच्या गोळ्याही सुरू होतात. तिन्हींच्या वेळा वेगळ्या ठेवाव्या लागतात. ते कोणीतरी एकानं ठरवून द्यायला हवं. त्यासाठी पुणं गाठायची गरज नाही. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि वर्षानुवर्षं ओळखणारा फॅमिली डॉक्टर तर बहुतेकांना असतोच.

आपण दूर आहोत, तर करायचं काय? पुढच्या रविवारच्या व्हिडिओ कॉलवर घरातली प्रत्येक बाटली आणि पट्टी कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. औषधाचं नाव, कंपनी, मात्रा, घेण्याची वेळ आणि ते कोणी सुचवलं, एवढं लिहून काढा. मेडिकलमधून परस्पर आणलेलं आणि आपण पाठवलेलं वेगळं नोंदवा. शेवटच्या दोन टीएसएचच्या तारखा आणि आकडे खाली जोडा. तो कागद आईच्या पिशवीत राहू द्या आणि पुढच्या भेटीत डॉक्टरसमोर ठेवायला सांगा. त्यानं लिहून दिलेलं तिथे मिळत नसेल, तर जरूर पाठवा. तोवर बॅगेत चॉकलेटंच पुरेत.