मोहनाचा अर्थ

‘मोहन’ या शब्दावर मी वर्गात तासभर बोलू शकेन. पण करंजीच्या पिठात ते कशाचे घालावे, हे ठरवण्याचा अधिकार आमच्या घरात मला कधीच नव्हता. यंदा मात्र मी तोंड घातले. माझ्या वडिलांना, दादांना, श्रावणात हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी दिवाळीला चवीपुरती एक करंजी मान्य केली.

साट्याला वनस्पती तूपच हवे, त्याशिवाय पापुद्रे सुटत नाहीत, हा सौभाग्यवतींचा सिद्धान्त. पण तेलात हायड्रोजन मिसळून ते अर्धवट घट्ट केले, की ट्रान्स चरबी तयार होते. ती हृदयाची वैरीण. २०२२ पासून खाद्यतेला-तुपांत ती शेकडा २ पेक्षा जास्त नसावी, असा नियम आहे. आमच्या दादांसाठी मला तेवढीही नको होती.

अखेर तह झाला. साट्याला घरचे तूप फेसले, तळायला शेंगदाण्याचे तेल घेतले. त्याला धूर येऊ दिला नाही आणि उरलेले पुन्हा तळणीला वापरले नाही. पापुद्रे सुटले!

दादांनी ती एकच करंजी अर्धा तास पुरवून खाल्ली. माझे एकही व्याख्यान त्यांनी इतक्या मन लावून ऐकलेले नाही.