सांभाळणाऱ्यांना कोण सांभाळणार?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की, घरातील वृद्धाने तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला तर आपण हसतो किंवा चिडतो; तो आजारी असेल, असे मनातही येत नाही. ‘म्हातारचळ’ या एका शब्दात सारे प्रकरण निकालात निघते. वस्तुतः १९०६ साली आलॉइस अल्झायमर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने ज्या रुग्णेच्या मेंदूतील विकृती जगापुढे मांडली, ती ऑगस्टे डेटर रुग्णालयात दाखल झाली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. वाढत्या वयाबरोबर या आजाराचा धोका वाढतो हे खरे, पण वार्धक्य म्हणजे हा आजार नव्हे. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द आपल्याला गीतेच्या दुसऱ्या अध्यायामुळे परिचित आहे. तेथे तो क्रोधातून सुरू होणाऱ्या अधःपतनाच्या साखळीतील एक कडी आहे. रुग्णाच्या हातून मात्र असा कोणताही प्रमाद घडलेला नसतो, हे येथे सांगितलेले बरे.

अलीकडे या आजारावरील नव्या औषधांचा मोठा गाजावाजा झाला. मेंदूत साचणाऱ्या अमिलॉइड प्रथिनाचा निचरा करणाऱ्या लेकानेमॅब या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये पूर्ण मान्यता दिली. २०२४ मध्ये डोनानेमॅबला मान्यता मिळाली. लेकानेमॅबच्या सुमारे १,८०० रुग्णांवरील १८ महिन्यांच्या चाचणीत ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी मंदावला. आकडा भारदस्त आहे. परंतु १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक अर्ध्या गुणाहूनही कमी भरतो. गेलेली स्मृती परत येत नाही. औषध केवळ प्रारंभिक अवस्थेतील रुग्णांसाठी आहे, मेंदूला सूज येण्याचा वा रक्तस्रावाचा धोका असल्याने एमआरआय पुनःपुन्हा करावा लागतो आणि अमेरिकेत ते बाजारात आले तेव्हा वर्षाचा खर्च २६,५०० डॉलर सांगितला गेला. शास्त्रज्ञांच्या तपश्चर्येला उणेपणा देण्याचा येथे हेतू नाही. मात्र आज ज्या घरात हा आजार शिरला आहे, त्या घराला या वार्तांनी दिलासा मिळणार नाही.

त्यामानाने ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालाची चर्चा आपल्याकडे कमी झाली. बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा, अंधुक दृष्टी अशा १४ कारणांकडे आयुष्यभर लक्ष दिले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतो किंवा लांबणीवर पडू शकतो, असा या तज्ज्ञांचा अंदाज आहे. चष्मा बिनदिक्कत लावणारी आपली माणसे श्रवणयंत्राला मात्र लाजतात, याचा विचार घरोघरी व्हायला हवा.

भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. यातील बहुतेकांचा सांभाळ घरातच होतो. आपल्या कुटुंबसंस्थेचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण ‘घर सांभाळते’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातील घर म्हणजे नेमके कोण? बहुधा एकच स्त्री: पत्नी, सून किंवा लेक. रात्री तीनदा उठून दाराची कडी तपासायची, गॅसचे बटण पाहायचे, अंघोळीला नकार देणाऱ्या सासऱ्यांची समजूत घालायची, ‘माझे पैसे तूच चोरलेस’ हा आरोप ऐकून पुन्हा त्यांनाच घास भरवायचा, आणि हे वर्षानुवर्षे. श्रावणबाळाची कीर्ती मात्र नोकरीवर जाणाऱ्या मुलाला मिळते! त्या स्त्रीची झोप, तिचा रक्तदाब, तिचे मन यांची विचारपूस करायला कोणाला सवड नसते.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यात शोधले गेले. दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबांचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात महागडे यंत्र नव्हते. अल्प प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक व्यक्ती सहा महिने रुग्णांच्या घरी जात. आजार समजावून सांगत, हट्टाला वा संशयाला तोंड कसे द्यावे ते दाखवत, गरज असेल तेथे डॉक्टरांकडे पाठवत आणि सरकारी योजना मिळवून देण्यास हातभार लावत. रुग्णांच्या लक्षणांत लक्षणीय फरक पडला नाही. परंतु सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले, त्यांचा ताप हलका झाला. ज्या आजाराला अद्याप उपाय नाही, त्यात एवढे साधले हे आमच्या मते थोडे नव्हे.

खेद याचा की, शासकीय धोरणाचा रोख आजही रुग्णालयाच्या खाटेवर आहे. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे कवच मिळाले, हे स्वागतार्हच. पण हे कवच मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे आणि स्मृतिभ्रंशाची दहा वर्षे माजघरात जातात. २००७ च्या कायद्याने मातापित्यांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली. ती पार पाडताना थकलेल्या माणसाला आठवड्यातून एक दुपार कोण मोकळी करून देणार, याबद्दल कोणी बोलत नाही. तालुक्याच्या गावी एखादे दिवसा सांभाळ करणारे केंद्र आणि घरभेटी देणारे चार-पाच प्रशिक्षित कार्यकर्ते, एवढ्यापासून प्रारंभ करता येईल. मंदिरांची सभागृहे, शाळांचे रिकामे वर्ग, वाचनालयांच्या खोल्या दुपारी बंदच असतात. त्यांच्या किल्ल्या आपल्यापैकीच कोणाकोणाच्या खिशात आहेत.