हजार वर्षं, पाच आठवणी
पडके किल्ले, धुकं, वटवाघळं हा मालमसाला आता इतका शिळा झालाय की भीती सोडाच, जांभई येते. टिम हचिंग्ज या अमेरिकी खेळकर्त्याच्या ‘थाउजंड इयर ओल्ड व्हॅम्पायर’मध्ये मात्र भय आहे ते खोडरबरात. खेळ एकट्यानं खेळायचा. वही, पेन्सिल आणि दोन फासे, एक दहा बाजूंचा, एक सहा बाजूंचा. पहिल्यातून दुसरा वजा करून प्रसंगांच्या यादीत तितकं पुढं किंवा मागं सरकायचं, तिथला प्रसंग वाचायचा आणि आपल्या रक्तपिपासूचं काय झालं ते लिहायचं. मेख अशी की त्याला जागा पाचच आठवणींना, एकेकीत जास्तीत जास्त तीन अनुभव. नवं मावेना झालं की जुनी एक आख्खी आठवण खोडायची, आणि कोणती ते आपणच ठरवायचं. शतकं उलटतात, सोबतची मर्त्य माणसं मरून जातात. बायकोचा खून लक्षात राहतो, तिच्यावर जीव होता हे मात्र आपणच पुसलेलं असतं. रोजनिशीची पळवाट आहे म्हणा. तीत चार आठवणी सरकवता येतात, पण त्यांत नवं काही जोडता येत नाही आणि रोजनिशी हरवली की चारही गेल्या. कसब वापरून झालं, गाठीला काही उरलं नाही, की खेळ संपतो. फाशांपेक्षा लिहिण्याची खाज असलेल्यांसाठीच हा खेळ. जिंकायचं असेल त्यानं खुशाल कॅरम मांडावा.