दुसऱ्या भागातली नणंद

मैत्रिणींनो,

बारामतीच्या आमच्या युवती शिबिरात एका मुलीच्या पिशवीत कॉलीन हूवर या अमेरिकन लेखिकेची दोन इंग्रजी पुस्तके दिसली. ‘इट एंड्स विथ अस’ (२०१६) आणि त्याचा पुढचा भाग ‘इट स्टार्ट्स विथ अस’ (२०२२). “ताई, वाचाच,” ती म्हणाली. प्रेमकथा म्हणून मी आधी नाक मुरडले. मग दोन्ही वाचून काढली. पहिले पटले. दुसऱ्याबद्दल मन अजून दोन्हीकडे ओढते आहे.

पहिल्या भागातली लिली बॉस्टनमध्ये फुलांचे दुकान चालवते. नवरा राईल मेंदूचा सर्जन. देखणा, प्रेमळ आणि मारणारा. लिलीची आईही मार खात जगलेली. मुलगी जन्मल्यावर लिली ठरवते, हे इथेच थांबायला हवे, आणि घटस्फोट मागते. दुसरा भाग त्यानंतरचा. शाळेच्या वयातला मित्र ॲटलस पुन्हा तिच्या आयुष्यात येतो. तो हॉटेल चालवतो, उत्तम स्वयंपाक करतो आणि तिची वाट बघायला तयार असतो.

इथे मी अडखळले. बाहेर पडलेल्या बाईला बक्षीस म्हणून चांगला पुरुष! म्हणजे सुटकेला शेवटी पुरुषच हवा का? आणि ज्यांना ॲटलस भेटत नाही, त्यांनी मार खात राहायचे?

पुढे इंदापूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बैठकीत मी ही गोष्ट सांगितली. ॲटलसविषयी कुणीच विचारले नाही. “पोरगी कुणापाशी ऱ्हायली?” “घर कुणाच्या नावावर व्हतं?” “दुकान तिचं सवताचं व्हतं, म्हून निघाली ती.” हे शेवटचे बोलणारी सहा वर्षे माहेरी, भावाच्या पडवीत राहते आणि खुरपणीला जाते.

त्यांच्या प्रश्नांची उत्तरे निदान कागदावर आहेत. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ सालचा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला. त्याच्या कलम १९ खाली, घर कुणाच्याही नावावर असो, बाईला तिथे राहू देण्याचा आदेश मिळू शकतो. सासू-सासऱ्यांच्या मालकीचे घरही त्यात येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो, आणि बापाच्या भेटीने मुलाचे नुकसान होणार असेल तर भेट नाकारता येते. दुसऱ्या भागात लिलीला सतत हीच धास्ती आहे. नवरा सोडला तरी मुलीचा बाप सुटत नाही, हे त्या पुस्तकाने प्रामाणिकपणे सांगितले आहे. अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. तारखांना जाणाऱ्या मैत्रिणींना विचारा, किती ६० दिवस गेले.

मग मी त्यांना ॲलिसाविषयी सांगितले. ती राईलची सख्खी बहीण. भावावर तिचा जीव आहे, तरी त्याच्याकडे परत जाऊ नकोस असे ती लिलीला बजावते, आणि दुसऱ्या भागातही तिच्या पाठीशी उभी राहते. बैठक एकदम शांत झाली. एक म्हातारी म्हणाली, “नणंद? अशी नणंद कुठं मिळती गं, ताई?”

सगळ्या हसल्या. मला हसता आले नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या वहिनीच्या गालावर वळ दिसला होता. तेव्हा मी एम.एस.डब्ल्यू. होऊन दुसऱ्यांच्या घरच्या केसेस लढवत होते. भावाला एक शब्दही विचारला नाही. घरातले घरात राहू द्या, असे आई म्हणाली आणि मला ते सोयीचे वाटले. हा अंक हाती घेण्याआधी मी वहिनीकडे जाऊन आले. बोलणे सोपे नव्हते. “आता आलात, वन्सं,” एवढेच ती म्हणाली.

मार चार भिंतींत होतो असे आपण म्हणतो, पण त्या भिंतींत सासू असते, जाऊ असते, नणंद असते. कोर्टात साक्षीला मात्र कुणी येत नाही. म्हणून त्या मुलीच्या हातातले पुस्तक मी काढून घेणार नाही. ॲटलसची स्वप्ने तिने खुशाल बघावीत. पुढच्या शिबिरात आम्ही ॲलिसावर बोलणार आहोत.

मैत्रिणींनो, आपल्यातल्या बहुतेकजणी कुणाच्या तरी नणंदा, जावा आहोत. आपल्या घरात आपण काय केले, ते लिहून कळवा. नाव छापणार नाही.