अंगण आणि जग

एकादें राष्ट्र बलाढ्य होऊं लागलें म्हणजे एक प्रश्न हटकून निघतो: ह्याला आपल्या शेजारापुरतें वर्चस्व हवें आहे, कीं साऱ्या जगावर? आज हा प्रश्न चीनविषयीं विचारला जातो. आमच्या मतें ह्या दोन आकांक्षा वाटतात तितक्या निराळ्या नाहींत.

इतिहासाकडे पाहा. १८२३ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष मन्रो यांनीं युरोपांतील सत्तांस बजाविलें कीं, अमेरिका खंडांत त्यांनीं नव्या वसाहती करूं नयेत. हें धोरण शेजारापुरतें होतें. परंतु पंचाहत्तर वर्षांनीं, १८९८ सालीं, त्याच राष्ट्रानें स्पेनचा पराभव करून पॅसिफिक महासागरापलीकडील फिलिपाईन बेटें घेतलीं. अंगण सुरक्षित झालें आणि पाऊल वेशीबाहेर पडलें.

चीनचेंही तसेंच दिसतें. दक्षिण चिनी समुद्राच्या बहुतेक भागावर तो हक्क सांगतो. तेथें भराव घालून त्यानें कृत्रिम बेटें उभारलीं. परंतु त्याला लागणारें पुष्कळसें तेल इराणी आखातांतून, हिंदी महासागर ओलांडून येतें. ज्याचा माल दूरवर फिरतो, त्याला पहाराही दूरवर ठेवावासा वाटतो. २०१७ सालीं आफ्रिकेंतील जिबुटी येथें चीननें परदेशांतील आपला पहिला लष्करी तळ उघडला.

कोणी म्हणेल, व्यापार वाढविणें व त्याचें रक्षण करणें हा कांहीं अपराध नव्हे. हें आम्हांस मान्य आहे. म्हणूनच सत्ता किती दूर पोहोंचली यापेक्षां ती दुर्बळाशीं कशी वागते, हें पाहावें. फिलिपाईन्सच्या तक्रारीवर २०१६ सालीं आंतरराष्ट्रीय लवादानें चीनविरुद्ध निकाल दिला. चीननें तो मानला नाहीं. उलट, २०१४ सालीं बंगालच्या उपसागरांतील वादग्रस्त सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरांपैकीं सुमारे १९,५०० लवादानें बांगलादेशास दिले, आणि भारतानें तो निकाल स्वीकारला. एवढ्यानें आपण निर्दोष ठरत नाहीं. परंतु ह्या वागणुकीनें आपला देश लहान झाला, असें कोण म्हणेल?

विद्यार्थिमित्रहो, क्रीडांगणावर बलवान गड्याची परीक्षा पंचाचा निर्णय त्याच्या विरुद्ध जातो तेव्हांच होते. भारतही आज वर चढत आहे. उद्यां त्याचा कारभार तुमच्या हातीं येईल. त्या वेळीं हा नियम आपण प्रथम स्वतःला लावावा, एवढीच आमची विनंति आहे.